उत्तर युरोपातला तो समाजवादी देश नेमका आहे कुठे?

उत्तरायण
कालच्या एका धाग्यात 'उत्तर युरोपातील समाजवादी देश स्वीडनची ओळख' असा फिरता मजकूर कुणीतरी डकवला होता. त्यानुसार सगळे उद्योग सरकारी, शाळा-दवाखाना-घर फुकट, अब्जाधीश औषधालाही नाही, आणि हा सगळा संसार धनिकांवरच्या कराच्या पैशावर चालतो. खाली 'आपल्याकडे कधी होणार असं' म्हणून उसासे. मी बरीच वर्षं स्टॉकहोमात राहतो, कर भरतो, मुलं इथल्याच शाळेत जातात. त्या मजकुरातला देश मला इथे अजून भेटलेला नाही.

मालकीचंच बघा. विजेची वॅटनफॉल, उत्तरेतल्या लोखंडाच्या खाणींची एलकेएबी आणि दारूची दुकानं चालवणारं सिस्टेमबोलागेत सरकारी आहेत, मान्य. पण एरिक्सन, अ‍ॅटलास कॉप्को, एसईबी बँक यांच्यावर वॉलेनबर्ग घराण्याची पकड पिढ्यान्‌पिढ्या आहे. डाव्या विचारांचे सोशल डेमोक्रॅट १९३२ पासून १९७६ पर्यंत जवळजवळ सलग सत्तेत होते, त्यांनीही ती सोडवली नाही. वारसा कर २००४ साली गेला, तोही त्यांच्याच सरकारच्या हातून. संपत्ती कर २००७ मध्ये गेला. किमान वेतनाचा कायदा नाही. १९९२ च्या सुधारणांपासून नफा कमावणाऱ्या खाजगी शाळासुद्धा सरकारी पैशावर चालतात.

मग पैसा येतो कुठून? सगळ्यांच्या खिशातून. सुपरमार्केटात माल लावणाऱ्या पोराच्या पगारातूनही पालिकेचा कर कापला जातो, देशभरची सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास. त्याच्या पगारावर मालक ३१.४२ टक्के सामाजिक शुल्क भरतो ते वेगळं. उरलेल्यातून तो बूट घ्यायला गेला की २५ टक्के व्हॅट. श्रीमंतांनी भरायचं आणि बाकीच्यांनी घ्यायचं, असं इथे कधीच नव्हतं. ज्यांना हे हवंय त्यांनी आधी स्वतःच्या पगाराची स्लिप समोर ठेवून बोलावं.

परळकर
'कधीच नव्हतं' म्हणे! १९७६ साली मुलांसाठी लिहिणाऱ्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनना वाढीव कमाईवर १०२ टक्के कर बसला, त्यांनी वर्तमानपत्रात त्यावर जाहीर लिहिलं, आणि त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट निवडणूक हरले. फर्निचरवाल्या इकेआ कंपनीचे संस्थापक काम्प्राद तर १९७३ मध्येच डेन्मार्कला निघून गेले होते. मालकीचं म्हणाल तर कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ मैदनर यांची योजना तुमच्या यादीत का नाही? कंपन्यांच्या नफ्याचा एक हिस्सा दरवर्षी नव्या शेअर्सच्या रूपात कामगारांच्या फंडात जायचा, म्हणजे हळूहळू कारखाना कामगारांच्या हाती. कामगार महासंघाच्या १९७६ च्या अधिवेशनाने ती उचलून धरली. त्याविरुद्ध ४ ऑक्टोबर १९८३ ला कारखानदार आणि व्यापारी स्टॉकहोमच्या रस्त्यावर उतरले. कायदा झाला तो पार पातळ होऊन, आणि १९९१ नंतर उजव्या बिल्ट सरकारने ते फंड मोडीत काढले. प्रयत्न झाला होता आणि तो हाणून पाडला गेला, हा इतिहास आहे.

आणि जे आज टिकलंय ते कुणी आणलं? मे १९३१ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या ओडालेनला संपकऱ्यांच्या मोर्चावर लष्कराने गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. त्यानंतर सात वर्षांनी साल्टशोबाडेनचा करार झाला, मालक आणि कामगार संघटना समोरासमोर बसून. किमान वेतनाचा कायदा नाही, कारण संघटनांना तो नकोच आहे. पगार त्या स्वतः ठरवून घेतात.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली बोलणी करायचा हक्क एकाच संघटनेला, आणि कामगार उभे होते दुसऱ्याच माणसामागे, दत्ता सामंतांमागे. वडील रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे आणि डबा तसाच परत यायचा, कारण बसून खायची लाज वाटायची. त्यांची थकबाकी शेवटपर्यंत मिळाली नाही. स्वीडनने जे केलं ते करामुळे झालं असं मला कुणी सांगू नये.

योतेबोरी
उत्तरायण, आकडे बरोबर असतील, पण तुमच्या लिखाणात माणसं कुठे आहेत? माझी मुलगी इथेच गोथेनबर्गला झाली. घरी आल्यावर त्याच आठवड्यात परिचारिका दारात हजर, बाळाचं वजन घेतलं आणि मग अर्धा तास फक्त माझ्याशी बोलली. झोप होते का, रडू येतं का, घरात मदतीला कोण आहे. नवऱ्याने कित्येक महिने रजा घेतली, साहेबांनी फक्त तारीख विचारली. रजेच्या ४८० दिवसांत ९० दिवस बापाच्या नावावर राखीव आहेत, आईला ते घेता येत नाहीत. माझ्या पुण्याच्या बहिणीला बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागली. मी ३२ टक्के आनंदाने भरते.

रखडपट्टी आहे, ते नाकारत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मी लंगडत होते, आणि फोनवर दर वेळी पॅरासिटॅमॉलचाच सल्ला.

जुनी_चाळ
थोडं अवांतर. त्या मजकुरात 'घर फुकट' लिहिलंय त्यावर कुणीच का बोलत नाही? गिरगावात आमच्या कुटुंबाची चाळ आहे. १९४७ च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण कशावर चार टक्के? दोन खोल्यांचं भाडं एका वडापावच्या गाडीवरच्या बिलापेक्षा कमी. जिन्याची तुळई कुजली, लोखंडी टेकू लावून ठेवलाय. भाडेकरूंची मुलं खोली पागडीने विकतात, लाखांनी. आम्हाला त्यातला हिस्सा, वर दुरुस्तीची नोटीस. समाजवादाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा त्या जिन्यावरून चढून दाखवावं.

उत्तरायण
हे अवांतर अजिबात नाही. स्टॉकहोममध्ये भाड्याचं घर रांगेतून मिळतं. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. शहराच्या मध्यभागी घर हवं असेल तर दहा-दहा वर्षंसुद्धा कमी पडतात. इथे जन्मलेल्यांचं नाव कधीच लागलेलं असतं, आपण येतो शेवटी. मी सुरुवातीला पोटभाडेकरू म्हणून राहिलो. फ्रिजमध्ये माझा एक कप्पा, त्यावर चिकटपट्टीने नाव, आणि रात्री नऊनंतर स्वयंपाकघर बंद. करार संपला की पुन्हा बॅगा. भाड्याचे करार काळ्या बाजारात विकले जातात. आधी विकणाराच गुन्हेगार होता, २०१९ पासून विकत घेणाराही. पागडी आणि हे, फरक काय?

परळकर
फरक आहे, आणि तो मुद्दाम लपवला जातोय. तिथे भाडेकरूंची संघटना आणि मालक दरवर्षी बसून भाडं ठरवतात. गोठवलेलं नाही. नव्या इमारतींचं भाडं बाजारावर सोडायचं ठरत होतं, तर डाव्या पक्षाने पाठिंबा काढला आणि जून २०२१ मध्ये लोव्हेन यांच्यावरचा अविश्वास ठराव मंजूर झाला. स्वीडनच्या पंतप्रधानावर असं पहिल्यांदाच झालं, आणि तेही घरभाड्यावरून! चाळमालकांचं रडगाणं मी लहानपणापासून ऐकतोय. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होती, मालक कधी नळ बदलायला आला नाही.

जुनी_चाळ
रडगाणं? नळाचा खर्च त्या भाड्यातून निघत होता का, एवढंच सांगा. माझ्या आजोबांनी आजीच्या बांगड्या मोडून पावसाळ्याआधी छप्पर शाकारलं होतं. तुमच्या लेखी मालक म्हटला की चोर. तुम्हीच म्हणता स्वीडनमध्ये दरवर्षी भाडं वाढतं. आम्ही दुसरं काय मागतोय?

योतेबोरी
दोघांनीही आवाज खाली घ्या. स्टॉकहोमात बहुतेकजण शेवटी घर विकत घेतात ते सोसायटीतच. सभासदत्व, महिन्याचा मेंटेनन्स, वार्षिक सभेत गच्चीवरून भांडणं, सगळं मुंबईसारखं. एचएसबी ही तिथली गृहनिर्माण सहकारी संस्था १९२३ ची आहे. घरांचा प्रश्न सरकार किंवा बाजार एवढ्या दोनच रस्त्यांनी सुटतो असं नाही.

उत्तरायण
परळकर, १९७६ चं तुमचं खरं आहे. पण तो १०२ टक्क्यांचा कर टिकला नाही, मैदनरचे फंड टिकले नाहीत. टिकलं ते सगळ्यांनी भरलेल्या करावरचं पाळणाघर, रजा, शाळा. मला तेवढंच म्हणायचं होतं. २०१५ मध्ये डेन्मार्कचे तेव्हाचे पंतप्रधान रास्मुसेन हार्वर्डला जाऊन हेच सांगून आले, की आमचा देश समाजवादी नियोजनाचा नाही, बाजाराचा आहे.

परळकर
पंतप्रधान काहीही सांगतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये टेस्लाच्या मेकॅनिकांनी सामूहिक करारासाठी संप केला, तेव्हा पोस्टातल्या कामगारांनी त्या गाड्यांच्या नंबरप्लेटी पोचवायला नकार दिला. दुसऱ्या उद्योगातल्या माणसांनी! १९८२ ला आमच्या गेटवर असं कोणी उभं राहिलं असतं तर डबा परत आला नसता. बाजार तिथे आहे, हे मला दिसतं. त्या बाजाराला वेसण कुणाची आहे तेही बघा.

आणि जुनी_चाळ, एवढं मान्य करतो: दुरुस्ती भागेल इतकं भाडं मालकाला मिळायला हवं. पण ते ठरवताना समोर भाडेकरूंची संघटना बसलेली पाहिजे, कोर्टाची तारीख नव्हे.

जुनी_चाळ
बसू द्या ना. आजवर आम्हाला बोलावलं कुणी? फक्त पावसाळ्याच्या आत बसा, टेकूला भेग गेली आहे.