शब्दचर्चा: रेखाटन, आरेखन आणि डिझाइनमधलं ‘ड्रॉइंग’

प्रश्न: डिझाइनवरच्या मराठी लेखांत ‘स्केच’ आणि ‘ड्रॉइंग’ या दोन्हींना सरसकट ‘रेखाटन’ म्हटलेलं दिसतं. ते चालेल का? आणि ‘व्हिज्युअल थिंकिंग’साठी ‘दृश्य विचार’ बरोबर आहे का?

उत्तर १: नाही चालणार. ‘स्केच’ म्हणजे रेखाटन, मोजूनमापून काढलेलं ‘ड्रॉइंग’ म्हणजे आरेखन. रेखाटन माणूस स्वतःसाठी करतो, वस्तू अजून ठरलेली नसताना. आरेखन दुसऱ्यासाठी असतं, वस्तू ठरल्यावर. आरेखनात मापं असतात, प्रमाण असतं आणि रेषांच्या जाडीलाही अर्थ असतो: दिसणारी कड ०.५ मिमी असेल, तर लपलेली कड तुटक आणि त्याच्या निम्म्या जाडीची. कारागिराने त्यातून एकच अर्थ काढायचा असतो. रेखाटनातल्या रेषेचे दोन-तीन अर्थ निघाले तरच तिचा उपयोग.

किटलीच्या मुठीचं उदाहरण घ्या. पोटाची गोलाई एकदा काढली आणि मूठ चार वेळा, फिकट, एकीवर एक. आता त्यातली एक रेषा मुठीची बाहेरची कड वाटते, पुन्हा पाहिलं तर तीच झाकणाकडे वळणारी पट्टी वाटते. ही पट्टी कोणी आधी योजलेली नव्हती, ती कागदावर सापडली. नको असलेल्या रेषा खोडल्या असत्या तर ती गेली असती. म्हणून रेखाटनात खोडरबर नको, २बीसारखी मऊ पेन्सिल हवी आणि मोजपट्टी तर अजिबात नको. मोजपट्टीने ओढलेली रेषा पक्की दिसते, आणि पक्कं दिसणारं बदलायला हात धजत नाही.

उत्तर २: व्युत्पत्तीही याच बाजूने आहे. ‘स्केच’चं मूळ ग्रीक, अर्थ ‘पूर्वतयारीशिवाय, तिथल्या तिथे केलेलं’. ‘डिझाइन’ लॅटिनमधल्या ‘खूण करणं, आखून देणं’ या क्रियापदापासून आलं. इटालियन ‘दिसेन्यो’ या एकाच शब्दात चित्र काढणं आणि योजना करणं हे दोन्ही आजही एकत्र नांदतात.

आपल्याकडे ‘आराखडा’ रेषांपासून पार सुटलाय. विकास आराखडा म्हटलं की नकाशाबरोबर जाडजूड अहवालही आला. ‘आलेख’ गणिताने नेला. ‘आरेखक’ (ड्राफ्ट्समन) हे पद मात्र अजून वापरात आहे, त्यामुळे ‘आरेखन’ कोणाला परकं वाटू नये.

उत्तर ३: दोन शब्दांनी भागत नाही. तंत्रज्ञानाचे इतिहासकार युजीन फर्ग्युसन यांनी १९९२ मध्ये तीन प्रकार सांगितले: विचार करताना काढलेलं, बोलता बोलता समोरच्याला दाखवायला काढलेलं आणि बनवणाऱ्याला सूचना देणारं. मधल्याला मराठीत शब्दच नाही. बैठकीत दोघं एकाच कागदावर आळीपाळीने काढतात ते ना रेखाटन, ना आरेखन. मी ‘बोलचित्र’ सुचवेन.

उत्तर १: ‘बोलचित्र’ आवडला. पण लेख लिहिताना यातलं कुठलं चित्र कधी काढायचं तेही लिहा, नाहीतर वाचकाला नुसत्या व्याख्या मिळतील. सुरुवातीला ५ × ७ सेंमीच्या चौकटींत वीसेक रेखाटनं काढावीत. एवढ्याशा जागेत तपशील मावत नाही, म्हणून एकूण आकाराकडेच लक्ष राहतं. त्यातली दोन-तीन निवडून, वर ट्रेसिंग पेपर ठेवून जे टिकतं तेवढंच पुन्हा काढावं. मग छेद, म्हणजे वस्तू मधोमध कापल्यासारखी दाखवणारं चित्र, खऱ्या मापाचं. तळहाताची रुंदी साधारण ८–९ सेंमी असते. किटलीची मूठ तेवढी लांब आहे का आणि बोटं पोटाला न चटकता आत जातात का, हे छेदातच कळतं. छायांकित सुंदर चित्रात ही चूक लपते.

थेट संगणकावर सुरुवात केली की घोटाळा होतो. आरेखनाचा प्रोग्राम बहुतेकदा पहिल्याच रेषेला लांबी मागतो. ती सुचलेली नसते, म्हणून कुठलाही आकडा टाकला जातो आणि पुढचं सगळं त्या आकड्याभोवती बांधलं जातं.

उत्तर २: आता ‘दृश्य विचार’. मराठीत ‘दृश्य’ म्हणजे जे दिसतं ते, त्यामुळे ‘दिसणारा विचार’ असा अर्थ लागतो. ‘दृग्विचार’ व्याकरणात बसतो, पण जिभेवर बसत नाही. नाम न शोधता वाक्य फिरवावं: ‘ती व्हिज्युअल थिंकिंग करते’ऐवजी ‘ती चित्रांतून विचार करते’. शीर्षकात नामच हवं असेल तर ‘चित्रविचार’.

उत्तर ३: ‘चित्रविचार’ला माझी एक हरकत. त्यात हात कुठेच नाही. काढणं, पाहणं आणि मनात फिरवून बघणं ही तिन्ही कामं एकमेकांत गुंतलेली असतात. डोळे मिटून जे जमत नाही ते हात चालला की जमतं. ‘काढून पाहणे’ हा आपला रोजचा प्रयोग आहे. त्यात काढणंही आहे, पाहणंही आहे आणि ‘करून पाहणे’मधला प्रयत्नही. ‘मुठीचे चार प्रकार काढून पाहिले’ म्हटलं की वाचकाला वेगळं काही समजावावं लागत नाही.