मदत हवी आहे: पुण्या-मुंबईत इंडी बँड (मोठ्या म्युझिक कंपनीशिवाय स्वतःची गाणी करणारे) ऐकायला चांगला क्लब कोणता?

मंडळी, मुंबईतल्या लोअर परळचं ब्लू फ्रॉग (लाइव्ह गाण्यांचा क्लब) २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून आवाजाच्या बाबतीत माझं कुठेच समाधान होत नाही. तिथे बसायच्या त्या गोल खोबणींतूनही गायकाचा शब्दन्‌शब्द कळायचा. परवा एका क्लबात (नाव घेत नाही) नुसते ड्रम्स आणि बास! गायक बिचारा ओठ हलवतोय एवढंच दिसलं. साउंडवाल्याच्या कन्सोलजवळ (जिथून तो आवाज कमी-जास्त करतो) उभं राहिलं की मिक्स, म्हणजे गायक आणि वाद्यांचा एकत्र आवाज, सगळ्यात नीट ऐकू येतो म्हणतात, पण तिथे जेवणाची टेबलं मांडलेली.

अलीकडे पुण्यातल्या हाय स्पिरिट्सला किंवा मुंबईत अँटीसोशलला कोणी गेलंय का? आवाज कसा होता? लोक ऐकतात की गप्पाच मारतात? पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीसारख्या बँडच्या हळू गाण्यांत मागून ग्लासांचा खणखणाट आला की डोकंच फिरतं.

आणखी एक. भाचा १९ वर्षांचा आहे, त्यालाही यायचंय. दारूसाठी वयाची अट असते हे ठाऊक आहे, पण नुसतं गाणं ऐकायला दारावर सोडतात का? तिकीट काढायच्या आधी कळलं तर बरं. मराठीत स्वतःची गाणी करणारा एखादा बँड क्लबात ऐकला असेल तर तेही सांगा.