वीज गेली की सौर इन्व्हर्टरही बंद का पडतो?

प्रश्न :
छतावरची ३ किलोवॅटची सौर यंत्रणा ग्रिडला जोडलेली आहे. भर उन्हात वीज गेली की इन्व्हर्टरही तत्क्षणी बंद पडतो, आणि वीज परत आल्यावर त्याच्या पडद्यावर ३०० पासून उलटी मोजणी चालू होते. कधीकधी वीज असतानाही, ऐन दुपारी, ‘व्होल्टेज जास्त’ असा संदेश दाखवून तो थांबतो. हा यंत्रातला दोष समजावा की नियम?

पहिले उत्तर :
पहिल्या दोन गोष्टी नियमानेच घडतात. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) दोन्ही दिशांनी चालते. त्यामुळे पुरवठा तुटलेला असताना आपण वीज सोडत राहिलो, तर तीच उलट जाऊन खांबावरच्या तारांत उच्च दाबाने उतरते, आणि तिथे लाइनमन काम करत असू शकतो. म्हणूनच आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १५४७ क्रमांकाच्या मानकाने २००३ च्या पहिल्या आवृत्तीपासून अशी यंत्रणा २ सेकंदांच्या आत ग्रिडपासून तुटलीच पाहिजे असे बंधन घातले. पुरवठा पुन्हा स्थिरावेपर्यंत थांबता यावे, यासाठी ती ३०० सेकंदांची, म्हणजे पाच मिनिटांची, उलटी मोजणी असते. वीज नसताना घर चालवायचे असेल, तर बॅटरी आणि घराला ग्रिडपासून वेगळे करणारा चेंजओव्हर असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

दुसरे उत्तर :
वरील खुलाशाला एक पुरवणी जोडतो, कारण ‘जरा गडबड दिसली की सुटा’ हा जुना नियम पुढे अंगाशी आला. जर्मनीत ग्रिडची वारंवारिता (विजेची दर सेकंदाची आवर्तने, एरवी ५०) ५०.२ हर्ट्झवर गेली की सगळे सौर इन्व्हर्टर ग्रिडपासून एकदम सुटतील अशी तरतूद होती. सौर छतांची संख्या वाढल्यावर तोच ग्रिडला धोका ठरला आणि २०१२ पासून जुन्या यंत्रणांत बदल करावे लागले. १५४७ च्या २०१८ च्या आवृत्तीतही किरकोळ चढउतारांत टिकून राहण्याची अट आहे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मग दुपारच्या संदेशाचे काय?

पहिले उत्तर देणारे :
तिथे मला केबलचा संशय येतो. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला ग्रिडपेक्षा थोडा वरचा दाब (व्होल्टेज) ठेवावाच लागतो. २३० व्होल्टवर ३ किलोवॅट म्हणजे सुमारे १३ अँपिअर. जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचा मिळून रोध ०.४ ओहम असेल, तर नुसत्या केबलपायी ५ व्होल्ट चढतात. ऐन उन्हात इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजून पाहा. फरक मोठा निघाला तर जाड केबल टाकावी. मीटरपाशीच दाब चढलेला असेल, तर वितरण कंपनीकडे लेखी तक्रार करावी. इन्व्हर्टरमधली मर्यादा मात्र परस्पर वाढवू नये, कारण ती जोडणीच्या मंजुरीचा भाग असते.