बैठकीच्या खळग्यासाठी इनशेव: धार आतून की बाहेरून?

तासकाम: विंडसर खुर्ची (अखंड फळीच्या बैठकीत पाय नि पाठीच्या काड्या ठोकलेली) करतोय. बैठकीला शिवणीची दोन इंची फळी, खळगा मागच्या अंगाला पाऊण इंच खोल. इनशेव (खळगा तासायचं, दोन मुठींनी ओढायचं वाकड्या पात्याचं हत्यार) परदेशातून मागवणं परवडत नाही, म्हणून गावच्या लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा घडवून घेतोय. पातं नालेसारखं वाकवून झालंय, पाणी द्यायचं, म्हणजे तापवून विझवून कडक करायचं, बाकी. धारेचा उतार (घासलेली तिरकी बाजू) आत काढू की बाहेर? आणि आधी वाकसानं, म्हणजे आपल्या सुतारी तासणीनं, तासून घेतलं तर?

कुरुंद: बाहेर. म्हणजे लाकडाकडच्या अंगाला. उतार लाकडावर टेकतो, मुठींचा कोन जरा बदलला की पातं खळग्यातून वर येतं. उतार आत असेल तर ते घुसतच जातं. आपला वाकस बैठकीला याचसाठी नको. पातं सरळ, उतार दांड्याकडे. चौकटीला झकास, खळग्यात नुसत्या खाचा पाडेल. इंग्लंडातल्या हाय वायकम या खुर्च्यांच्या गावचे कारागीर एल्म लाकडाची फळी पायांखाली धरून बैठका तासायचे, पण वाकड्या पात्याच्या तासणीनं. तुम्ही गोल पटाशी नि मोगरी घ्या, पाय शाबूत राहतील.

पाणी देण्याआधी धार पातळ करू नका, मिलिमीटरभर जाडी ठेवा. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवून तेलात विझवा. नीट कडक झालं असेल तर त्यावर कानस न चावता घसरली पाहिजे. मग लगेच ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास. घरात आधी सांगून ठेवा, वास सुटतो.

तासकाम: लोहार तेलाला तयार नाही. म्हणतो, वडिलांपासून कोयते पाण्यातच विझवतोय.

कुरुंद: कोयत्याची फक्त धार बुडवतात. इथे सगळा ताण वळणावर येणार, पाण्यात तिथे तडा जाऊ शकतो. पाट्याचे दोन तुकडे घ्या, एक तेलात, एक पाण्यात, आणि त्याच्यासमोर घणाखाली फोडा. त्याच्याशी वाद घालू नका, तो जिंकेल.

सुताराची_लेक: खोलीसाठी आधी ड्रिलच्या बिटाला चिकटपट्टी लावून एकदोन भोकं पाडून ठेवा. इनशेव लाकडाच्या रेषांना आडवा ओढायचा. सफाईला ट्रॅव्हिशर (वाकड्या पात्याचा छोटा हातरंधा), तो मात्र काठाकडून खोलीकडे. तळ ओलांडून चढावर गेलात की रेषा उलट्या पडतात, धागे उपटतात.

तासकाम: ट्रॅव्हिशर नाहीये. मुठींच्या शेपट्यांनाही (पात्याची मुठीत जाणारी टोकं) पाणी द्यायचं का?

कुरुंद: नाही हो, त्या मऊच राहू द्या. मुठींचा कोन हाताला जमेपर्यंत त्या चारदा वाकवाव्या लागतील. ट्रॅव्हिशरऐवजी वाकडं स्क्रेपर (खरवडायची पोलादी पट्टी) चालेल.