सोंग्ये न्किशी : गावाचा की घरचा, हे कसे ओळखावे?

काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील सोंग्ये लोकांच्या काष्ठशिल्पांवर मी मराठीत एक लेख लिहीत असून, युरोपातील एका संग्रहातल्या न्किशीच्या (विधींनी सामर्थ्य दिलेल्या लाकडी आकृतीच्या) छायाचित्रांपाशी माझे काम अडले आहे. न्किशीचे लाकूड शिल्पकार कोरतो, परंतु त्याला सामर्थ्य येते ते न्गांगा हा विधी करणारा जाणकार पोटातील पोकळीत आणि डोक्यावरील शिंगात वनस्पतिज, प्राणिज व खनिज द्रव्यांचे मिश्रण, म्हणजे बिशिम्बा, भरतो तेव्हाच, एवढे मला माहीत आहे. मोठे न्किशी संपूर्ण गावाचे रोगराई व चेटकापासून रक्षण करीत आणि लहान न्किशी एखाद्या व्यक्तीचे वा कुटुंबाचे, हा भेदही परिचित आहे.

अडचण अशी की ही आकृती सुमारे 40 सेंटीमीटर उंच, म्हणजे नेमकी अधलीमधली आहे. नोंदीत फक्त ‘सोंग्ये’ असे लिहिले आहे. चेहऱ्यावर तांब्याच्या पट्ट्या आहेत, शिंग गळून पडले आहे, पोटातील पोकळी रिकामी दिसते. इतर संग्रहांतील छायाचित्रांशी तुलना करून पाहिली, पण त्यातून निर्णय होत नाही. मूळ वस्तू हाताळणे किंवा तिची क्ष-किरण तपासणी करणे शक्य नाही. किंमत वा अस्सलपणा हा माझा प्रश्नच नाही.

गावाच्या न्किशीला हाताने स्पर्श करीत नसत, दंडांना वा काखेखाली लावलेल्या दांड्यांच्या आधाराने तो हलवीत. मग दंडांवर किंवा काखेखाली दिसणारी झीज, एवढ्या उंचीच्या आकृतीबाबतही, तो सामूहिक असल्याचा पुरेसा पुरावा मानता येईल का?