एस्सिटालोप्रॅम सुरू होतंय: त्रास कुठला, किती दिवस आणि गुण कधी?

ओंजळ
वडील ६७ वर्षांचे. नैराश्य आणि सततची धास्ती यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅम लिहून दिलंय: पहिला आठवडा ५ मिग्रॅ, मग १० मिग्रॅ, सकाळी. पुढची भेट महिन्याने. आधीपासून चालू असलेली औषधं अशी: रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, पित्तासाठी ओमेप्राझोल २० मिग्रॅ, गुडघे दुखले की अधूनमधून आयब्युप्रोफेन. औषधासोबतच्या कागदावर दुष्परिणामांची इतकी लांबलचक यादी आहे की नेहमी दिसणारं काय आणि क्वचित होणारं काय, हेच कळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत नेमकं काय होतं? फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं? आणि महिन्याची वाट न बघता फोन कशासाठी करायचा?

निशिगंध
घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्या: या औषधात त्रास आधी येतो, गुण नंतर. ही गोळी सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनावर काम करते. ते मेंदूइतकंच आतड्यातही काम करतं, म्हणून मळमळ पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सुरू होऊ शकते. मन सावरायला लागायला मात्र दोन ते चार आठवडे जातात, पुरता गुण यायला सहा ते आठ. गोळी सोडून द्यावीशी वाटते ती नेमकी या मधल्या काळात, कारण तेव्हा पदरी फक्त त्रास असतो.

पहिल्या पंधरवड्यात नेहमी दिसणारं म्हणजे मळमळ, पोट बिघडणं, डोकेदुखी, तोंडाला कोरड, जास्तीचा घाम, कारण नसताना जांभया, झोपेत दात खाणं, फार स्पष्ट स्वप्नं. मळमळ बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. जेवणाने औषधाच्या शोषणात फरक पडत नाही, पण काही खाऊन गोळी घेतली की मळमळ कमी जाणवते, तेव्हा खाऊनच द्या. झोपेचं गणित माणसागणिक वेगळं. कुणाची झोप उडते, कुणाला दिवसभर गुंगी राहते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, गुंगी येत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री.

आता धास्तीबद्दल, कारण घरचे सगळ्यात जास्त घाबरतात ते इथे. धास्तीसाठी दिलेली गोळी पहिल्या आठवड्यात धास्ती वाढवू शकते. ५ मिग्रॅने सुरुवात करतात ती यासाठीच. थोडी हुरहुर, छातीत धडधड, हाताला कंप इतपत असेल तर ते बहुधा दहा-बारा दिवसांत निवळतं. पण एका जागी बसवतच नाही, पाय सारखे हलवावे लागतात, येरझाऱ्या थांबत नाहीत, आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं, अशी अवस्था असेल तर ती साधी धास्ती नव्हे. याला अकाथिसिया म्हणतात. ती सोसत बसायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. डोस कमी केला किंवा औषध बदललं की ती उतरते.

फरक ओळखायचा तर "आता बरं वाटतंय का?" असं रोज विचारू नका. मनःस्थिती बऱ्याचदा सगळ्यात शेवटी सुधारते. आधी हलतात त्या बारीकसारीक गोष्टी: सकाळी उठून आपणहून दाढी करणं, पेपर उघडून दोन बातम्या वाचणं, फोन आला तर उचलणं, रात्री तीनला जाग आली तरी पुन्हा झोप लागणं. हे घरच्यांना आधी दिसतं, रुग्णाला नंतर पटतं. मोजमाप हवं असेल तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गुण ० ते २७, जितके जास्त तितकं नैराश्य जास्त. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात, त्यामुळे गोळी सुरू करण्याच्या दिवशी एकदा आणि मग दर दोन आठवड्यांनी भरून घ्या. गुण निम्म्यावर आले तर औषध लागू पडलंय, ५ च्या खाली गेले तर नैराश्य उतरलंय असं धरतात. पूर्ण डोसवर चार आठवडे होऊनही आकडा जवळपास तिथेच असेल तर ते भेटीत स्पष्ट सांगा. "थोडं थोडं बरं आहे" एवढंच सांगितलं की तोच डोस महिनोनमहिने चालू राहतो.

नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, आणि बेत किंवा तयारी जाणवली तर माणसाला एकटं न सोडता थेट इस्पितळात न्या. उलट टोकही ध्यानात ठेवा: झोप तीन-चार तास आणि तरी उत्साह उतू जातोय, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत, अशी चिन्हं दिसली तर तेही लगेच कळवायचं. आजार द्विध्रुवीय (बायपोलर) असेल तर ही गोळी माणसाला उन्मादात ढकलू शकते.

खलबत्ता
निशिगंध यांच्याशी पूर्ण सहमत. पण या यादीत मला दुष्परिणामांपेक्षा चालू गोळ्यांची काळजी जास्त वाटते.

सगळ्यात आधी सोडियम. एस्सिटालोप्रॅमने शरीरात पाणी धरून ठेवलं जातं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे सोडियम घालवतं. दोन्ही एकत्र, त्यात वय ६५ च्या वर, म्हणजे धोका खराच. नेहमीची पातळी १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. ती घसरली की डोकं दुखतं, मळमळतं, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. फार घसरली तर झटके येतात. अडचण अशी की पहिली लक्षणं हुबेहूब गोळीच्या साध्या त्रासासारखी किंवा "वय झालं" असं वाटण्यासारखी असतात. म्हणून अंदाज न बांधता रक्त तपासायचं. एकदा सुरू करण्यापूर्वी, एकदा साधारण दोन आठवड्यांनी, आणि डोस वाढवला तर पुन्हा. महिन्याने भेट ठेवली आहे, पण ही चाचणी त्याआधी व्हायला हवी. डॉक्टरांकडे आवर्जून विषय काढा.

मग ओमेप्राझोल. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे विकर (एन्झाइम) एस्सिटालोप्रॅमचा निचरा करतं, आणि ओमेप्राझोल नेमकं तेच दाबतं. रक्तातली पातळी साधारण निम्म्याने वाढू शकते, म्हणजे १० मिग्रॅ घेऊन शरीराला पंधराच्या आसपास मिळाल्यासारखं. वयाच्या ६५ नंतर अनेक देशांत १० हीच वरची मर्यादा सांगतात, कारण जास्त डोसला ईसीजीतला क्यूटी कालावधी (ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल चालेल का, हे विचारा. त्याचा या विकरावर परिणाम बराच कमी असतो. फक्त ओमेप्राझोल मनाने बंद करू नका, कारण पुढचा मुद्दा पोटाचाच आहे.

आयब्युप्रोफेन. रक्त गोठवणाऱ्या पेशींनाही सेरोटोनिन लागतं आणि एस्सिटालोप्रॅम ते त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही. जोडीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन आलं की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं मलम बरं. काळी, डांबरासारखी शौच झाली तर तो तातडीचा मामला समजा.

दुखण्यावर कुणी ट्रॅमाडॉल देऊ केलं तर आधी ही गोळी चालू असल्याचं सांगा. तसंच डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं औषध, अर्धशिशीसाठीचं सुमाट्रिप्टान, लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि "नैसर्गिक" म्हणून मिळणारं सेंट जॉन्स वर्ट. यांनी सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं. ताप, दरदरून घाम, स्नायू ताठ होणं, पावलं थडथड उडणं, जुलाब, गोंधळ, हे काही तासांत एकदम दिसलं तर घरी थांबायचं नाही.

ओंजळ
फार उपयोग झाला. सोडियम आणि पॅन्टोप्राझोल, दोन्ही उद्याच फोनवर विचारते. एखादा डोस चुकला तर?

खलबत्ता
त्याच दिवशी आठवलं तर घ्यायचा. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यायचा. दोन एकदम कधीच नाही. या औषधाचं अर्धआयुष्य, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण ३० तासांचं आहे, एका चुकीने रक्तातली पातळी कोसळत नाही. सलग दोन-तीन दिवस चुकले तर मात्र गरगरायला लागतं.

पायवाट
वयाने तरुण असलेल्यांसाठी विचारतो, कारण हे भेटीत कुणी बोलत नाही. मन सावरलंय, पण लैंगिक इच्छा मंदावली आहे आणि भावना बोथट झाल्यात. रडू येत नाही तसं हसूही येत नाही. हे पण पंधरा दिवसांत जातं का?

निशिगंध
नाही, आणि हे सरळ सांगायला हवं. मळमळ जाते, हे बहुधा आपसूक जात नाही. इच्छा कमी होणं, उत्तेजनाला वेळ लागणं, परमोच्च क्षण लांबणं किंवा न येणं हे या गटातल्या सगळ्याच औषधांत सर्रास दिसतं, स्त्रियांमध्येही. नैराश्यानेही इच्छा मरते, म्हणून गोळी सुरू करण्याआधी काय परिस्थिती होती ते आठवून सांगा. मन सुधारत गेलं आणि हे बिघडत गेलं, तर कारण गोळी असण्याची शक्यता जास्त. उपाय आहेत: डोस थोडा उतरवणं, ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारख्या दुसऱ्या गटातल्या औषधावर जाणं, पुरुषांत सिल्डेनाफिल जोडणं. क्वचित गोळी बंद केल्यावरही हा त्रास रेंगाळतो. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये तसा इशारा औषधाच्या माहितीत घालायला सांगितला.

भावना बोथट होणं बऱ्याचदा डोसशी जोडलेलं असतं, २० वरून १५ किंवा १० वर आल्यावर सुटू शकतं. पण तेच नैराश्य पुरतं न उतरल्याचंही लक्षण असू शकतं. वेगळं कसं ओळखायचं? नैराश्यात मन जड असतं. बोथटपणात ते जड नसतं, फक्त काहीच लागत नाही, ना चांगलं ना वाईट. याच शब्दांत डॉक्टरांना सांगा.

आणि तरुण म्हणालात म्हणून: २४ वर्षांपर्यंतच्या रुग्णांत सुरुवातीला आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत या गोळ्यांवर २००४ पासून चौकटीतला इशारा आहे, २००७ मध्ये तो या वयापर्यंत वाढवला. पहिले काही आठवडे घरातल्या कुणीतरी रोज लक्ष ठेवायला हवं.

कासव
बंद करण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. बरं वाटलं की लगेच थांबवायचं नसतं. पहिलंच नैराश्य असेल तर पूर्ण बरं झाल्यावर निदान सहा महिने तोच डोस चालू ठेवतात, पुन्हा पुन्हा होत असेल तर दोन वर्षं किंवा अधिक.

एकदम तोडलं तर दोन ते चार दिवसांत गरगरणं, चिडचिड, झोपमोड आणि नजर वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात. लोकांना वाटतं आजार परतला. आजार सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू परततो, आणि त्यात झटके नसतात.

उतरवताना फसगत होते ती शेवटच्या टप्प्यात. सिटालोप्रॅम (एस्सिटालोप्रॅम हा त्याचाच कामाचा अर्धा भाग) घेणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनवरून काढलेल्या आलेखात ४० मिग्रॅला सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या जागांपैकी सुमारे ८६ टक्के अडतात, २० ला ८० टक्के आणि ५ ला अजूनही ६० च्या आसपास. म्हणजे ४० वरून २० वर येणं मेंदूला फारसं जाणवत नाही, पण ५ वरून शून्य ही मोठी उडी. म्हणून सुरुवातीला पावलं मोठी चालतात, शेवटी बारीक लागतात: एस्सिटालोप्रॅम १० वरून ५, मग अडीच, मग त्याहूनही कमी, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. त्रास झाला तर मागच्या पायरीवर परत जायचं. दिवसाआड गोळी घेऊन उतरवू नका, पातळी रोज वरखाली होते आणि त्रास वाढतो.

अडीचच्या खाली गोळीचे तुकडे नीट होत नाहीत, तिथे पातळ औषध बरं. पण बाटलीवरचं प्रमाण वाचूनच मोजा. काहींत १ मिलिलिटरला १ मिग्रॅ असतं, काही थेंबांच्या बाटल्यांत १ मिलिलिटरला २० मिग्रॅ. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं तर वीसपट डोस जातो.