मदत हवी आहे: आईची तब्येत खरंच उतरतेय की माझं मोजमापच चुकतंय?

नमस्कार. आम्ही सोलापूरला, अशोक चौकाजवळ राहतो. आई ७४ वर्षांची. उभा जन्म विड्या वळल्या. शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे.

२०२३ च्या गड्ड्यात (सिद्धेश्वरांच्या जत्रेत) चालता चालता ती दोनदा खाली बसली. तेव्हापासून मी वही घातली आहे. दर तीन महिन्यांनी वजन, बीपी आणि हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारा वेळ लिहितो. शिवाय अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवीवरचा ताबा, जेवण यांपुढे 'स्वतः' किंवा 'मदतीनं'.

आजवर सगळीकडे 'स्वतः'च आहे. पण पूर्वी ती भरलेली बादली उचलून मोरीत न्यायची. आता बायको बादली भरून ठेवते, आई पाटावर बसते आणि पाऊण तास लागतो. विडीला दोरा गुंडाळायला ज्या बोटांना बघावं लागत नव्हतं, त्यांतून ब्लाउजचं हूक तीन-तीनदा निसटतं. वहीत मात्र तेही 'स्वतः'च!

खुर्चीचे आकडे असे: ११ सेकंद, १४, १२, आणि आता १६. पण मधे लाकडी खुर्ची मोडली, प्लास्टिकची आली, ती खोलगट आहे. एक माप तर मे महिन्यात भर दुपारी घेतलंय. मग यातलं आईचं किती आणि खुर्चीचं किती?

आईला विचारलं की "मला काय झालंय? बरी हाय की." पुण्याची बहीण फोनवर हेच ऐकते. बायको सांगते, जिन्यात दोनदा थांबतात. दवाखान्यात "वयोमानानं होतंच" म्हणाले.

'लासी' या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर माणसं घेतली, हाताची पकड, चालण्याचा वेग असंही मोजलंय आणि त्याच माणसांकडे पुन्हा जायचं अशी तिची आखणी आहे. घरी एका माणसासाठी काय करावं?

प्रतिसाद
मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुर्ची एकच ठरवा, बिनखोलगट, भिंतीला टेकवून. वेळ सकाळची. आधी सलग तीन दिवस मोजा. त्या तीन दिवसांतच दोन सेकंदांचं मागंपुढं होत असेल, तर तीन महिन्यांनी दिसलेला एखाद्या सेकंदाचा फरक धरू नका. आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये या चाचणीसाठी १२ सेकंदांची रेघ आखली आहे. १२ किंवा जास्त लागले तर हालचालीची क्षमता कमी समजतात. म्हणजे १६ कडे दुर्लक्ष नको.

'स्वतः'चे तुकडे करा: पूर्वीसारखं, सावकाश, रीत बदलून. पाट आला त्या दिवशीच वहीत नोंद व्हायला हवी होती. बीपी झोपून आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत घ्या. वरचा आकडा २० नं उतरला तर डॉक्टरांना सांगा. आणि वजन? सहा महिने-वर्षभरात आपोआप ५ टक्के उतरणं ही वयाची गोष्ट नव्हे.

धागाकर्ता
मनापासून आभार. वही काढली. गेल्या दिवाळीत ५२ किलो, आता ४९. मी खुर्चीतच अडकलो होतो. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेतोय. वहीबरोबर आणखी काय न्यावं?